विश्लेषण : पीएचडीची ‘ऑफर’ आली, पण परवडेल का? कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा हिशेब नेमका कुठे चुकतो?

इंजिनीअरिंग किंवा एमबीएसाठी परदेशी निघालेल्या मुलाचा हिशेब घरात लवकर जुळतो. फी किती, कर्ज किती, नोकरी लागल्यावर हप्ता किती. इतिहास, मराठी, समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञानात एमए करून पुढे संशोधन करू पाहणाऱ्याचा हिशेब तसा जुळत नाही, कारण शेवटच्या रकान्यात पगाराचा आकडाच नसतो. येवल्यासारख्या तालुक्याच्या गावात तर प्रश्न आणखी अवघड होतो. मागावर दोघे बसतात तेव्हा पैठणी पुढे सरकते. त्यातला एक जण पाच-सहा वर्षांसाठी पुण्याला, हैदराबादला किंवा अमेरिकेला गेला, तर घराचे उत्पन्न थांबते आणि खर्च वाढतो. अशा घरात ‘प्रवेश मिळाला’ ही अर्धीच बातमी असते. उरलेली अर्धी असते ती पैशाची. किती, किती महिने आणि कधी?

येवल्याचा या विषयाशी संबंध काय?

येवले देशाला दोन गोष्टींसाठी माहीत आहे. एक पैठणी आणि दुसरी १३ ऑक्टोबर १९३५ ही तारीख. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे धर्मांतराची घोषणा केली. मुक्तिभूमीवर दरवर्षी त्या दिवशी लोक जमतात. या भाषणामागे जो माणूस उभा होता, त्याच्या शिक्षणाचा खर्च कसा भागला, याकडे मात्र कमी लक्ष जाते. आज ऑफर लेटर हातात घेऊन बसलेल्या मुलाला त्यात शिकण्यासारखे बरेच आहे.

१९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली. रक्कम महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. आजच्या भाषेत ही पूर्ण निधी असलेली, मुदतबंद आणि ‘बाँड’ असलेली ऑफर होती. याच पैशातून घरीही पाठवावे लागत होते. पुढे ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धाच राहिला होता. १९१७ मध्ये त्यांना भारतात परतावे लागले. लंडनला परत येण्यासाठी त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांची सवलत मागून घेतली, आणि ही सवलत पुढे फार कामी आली.

बडोद्यात नोकरीला गेल्यावर राहायला घर मिळेना. जातीमुळे तिथून बाहेर पडावे लागले. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार महिना ४५० रुपये. त्यातून शिल्लक टाकली, छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, कोलंबियातले मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले, आणि १९२० मध्ये आंबेडकर पुन्हा लंडनला पोहोचले. म्हणजे एक शिष्यवृत्ती, एक मध्येच पडलेला खंड, नोकरीतली बचत, एक देणगी आणि एक मैत्रीतले कर्ज. इतके जोडून ते शिक्षण पूर्ण झाले. एकाच स्रोतावर सगळे भागेल अशी अपेक्षा तेव्हाही फोल होती.

मग आजची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती असती तर?

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची ‘राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती’ आहे. वर्षाला १२५ जागा. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त व भटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी. हा शेवटचा गट येवल्यात फारसा कुणाला माहीत नसतो. पारंपरिक कारागिरांच्या मुलांना यात अर्ज करता येतो, फक्त देशभरातून जागा चारच आहेत. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आणि विद्यापीठ क्यूएस जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये हवे. शिकवणी शुल्क, विमानभाडे, व्हिसा, विमा आणि शिवाय निर्वाहभत्ता मिळतो. अमेरिकेसाठी वर्षाला १५,४०० डॉलर, ब्रिटनसाठी ९,९०० पौंड.

कागदावर ही मदत मोठी आहे. पण २०२२ च्या नियमावलीत एक अट आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताशी संबंधित सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळण्यात आले. या विषयांची साधने आणि तज्ज्ञ देशातच आहेत, मग परदेशी जाण्याची गरज काय, अशी सरकारची भूमिका होती. कोणता विषय यात मोडतो हे निवड समिती ठरवते.

आता ही अट १९१३ च्या विद्यार्थ्याला लावून पाहावी. १९१५ चा एमएचा प्रबंध प्राचीन भारतातील व्यापारावर. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात वाचलेला निबंध ‘कास्ट्स इन इंडिया’, म्हणजे जातिसंस्थेच्या उगमावर. हे दोन्ही विषय समितीपुढे अडले असते. साधने भारतात असतात हे खरे, पण जातीचा प्रश्न मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, भारताबाहेरच्या समाजांशी ताडून पाहण्याची सोय तेव्हा मुंबईत नव्हती. न्यूयॉर्कमध्ये होती.

आजही कला शाखेतल्या मुलांना ही अट थेट लागते. येवल्याच्या विणकरांवर, मनमाडच्या रेल्वे कामगारांवर किंवा दलित साहित्यावर संशोधन करू पाहणाऱ्याने अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची नियमावली वाचलीच पाहिजे. विषय तुलनात्मक ठेवला, उदाहरणार्थ हातमाग आणि जागतिक बाजारपेठ, तर वाट निघू शकते. पण शिष्यवृत्तीसाठी विषय वाकवावा का, हा प्रश्न मग मार्गदर्शकासमोर आणि स्वतःसमोरही उरतो.

निवड झाली म्हणजे पैसे आले, असेही नाही. २०२५-२६ साठी १०६ जणांची निवड झाली, तेव्हा सुरुवातीला केवळ ४० जणांना तात्पुरती पत्रे देण्यात आली. उरलेल्यांना निधी उपलब्ध होईल त्याप्रमाणे, असे कळवण्यात आले. विद्यापीठ सप्टेंबरमध्ये सुरू होते. ते निधी उपलब्ध होण्याची वाट पाहत नाही.

राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती हा दुसरा मार्ग. अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना ती दिली जाते. तिच्या क्रमवारीच्या व इतर अटी गेल्या काही वर्षांत वारंवार बदलल्या, त्यामुळे मागच्या वर्षीच्या मित्राने सांगितलेली माहिती इथे चालत नाही. आणि एक तांत्रिक मुद्दा. क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाची धरली जाते, विभागाची नव्हे. दक्षिण आशियाच्या अभ्यासासाठी नावाजलेला विभाग एखाद्या मधल्या क्रमांकाच्या विद्यापीठात असू शकतो. वैद्यकीय संशोधनामुळे वर गेलेल्या विद्यापीठात मानव्यविद्येचा विभाग दोन प्राध्यापकांवर चालत असू शकतो.

दोन ऑफर, ७ लाखांचा फरक. मोठी कोणती?

अमेरिकेत मानव्यविद्येच्या पीएचडीला बहुतेक चांगली विद्यापीठे फी माफ करतात आणि अध्यापन साहाय्यकाचे काम देऊन मानधन देतात. म्हणूनच ‘अमेरिकेत पीएचडी फुकट असते’ असे म्हटले जाते. ते निम्मे खरे आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. येवल्यातली एक मुलगी, पुण्यातून इतिहासात एमए, हातात दोन पत्रे. हिशेबासाठी डॉलर ९० रुपये धरू.

पहिले पत्र मध्यपश्चिमेतल्या एका लहान शहरातले. फी माफ, मानधन वर्षाला २४,००० डॉलर, पण ते नऊ महिन्यांत मिळणार, उन्हाळ्याचे काही नाही. शिवाय ‘विद्यार्थी शुल्क’ म्हणून वर्षाला १,८०० डॉलर स्वतः भरायचे. दुसरे पत्र पूर्व किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरातले. ३२,००० डॉलर, बारा महिने, शुल्क १,००० डॉलर. फरक ८,००० डॉलरचा, म्हणजे ७ लाख २० हजार रुपयांचा. घरात विचारले तर उत्तर एकच येईल.

आता भाडे वजा करू. लहान शहरात दोघींत घेतलेल्या घराचा तिचा वाटा ७५० डॉलर, मोठ्या शहरात १,५०० डॉलर. पहिल्या ठिकाणी शुल्क जाऊन उरलेले २२,२०० डॉलर बारा महिन्यांवर पसरले की महिना १,८५०. भाडे गेले की १,१००. दुसऱ्या ठिकाणी ३१,००० भागिले बारा, २,५८३. भाडे गेले की १,०८३. सात लाखांची ‘मोठी’ ऑफर महिन्याला १७ डॉलरने लहान निघाली. जेवण, फोन, बस, विमा या सगळ्यांचे भाव मोठ्या शहरात चढेच असतात, ते अजून धरलेलेच नाहीत.

याचा अर्थ लहान शहर घ्यावे असाही नाही. पहिल्या ऑफरमध्ये पैसे नऊ महिन्यांत येतात आणि जून ते ऑगस्ट हात रिकामे असतात. विद्यार्थी व्हिसावर विद्यापीठाबाहेर मन मानेल तशी नोकरी करता येत नाही. आतले कामही सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपुरतेच. अध्यापनाचे काम त्या २० तासांत आधीच संपलेले असते. म्हणजे उन्हाळ्याची तजवीज आधीच्या नऊ महिन्यांत शिल्लक टाकूनच करावी लागते. मागावर बसणाऱ्या घराला हे समजावून सांगायला लागत नाही. लग्नसराईत कमवायचे आणि पावसाळ्यात पुरवायचे, हा हिशेब तिथे पिढ्यान्पिढ्या चालतो.

करासंबंधी एक कामाची गोष्ट. मानधनावर अमेरिकेत कर लागतो, पण भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना ‘स्टँडर्ड डिडक्शन’ घेता येते. ते इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. अनेक जण पहिल्या वर्षी हे न कळल्याने जास्त कर भरून बसतात.

ऑफर लेटरमध्ये आणखी काय शोधावे?

‘पाच वर्षे हमी’ आणि ‘पाच वर्षांपर्यंत, निधीच्या उपलब्धतेनुसार’ ही दोन वाक्ये सारखी दिसतात. सारखी नाहीत. मानव्यविद्येची पीएचडी पाच वर्षांत क्वचितच संपते. दफ्तरखान्यातले काम, भाषा शिकणे, लेखन यांत सहावे-सातवे वर्ष उजाडते. तेव्हा सहाव्या वर्षी विभागातले विद्यार्थी कशावर जगतात, हा प्रश्न तिथल्या चालू विद्यार्थ्यांना सरळ ईमेल करून विचारावा. प्राध्यापकांपेक्षा ते खरे उत्तर देतात. आरोग्य विम्याचा हप्ता कोण भरते, मानधन पंधरवड्याला की महिन्याला, पहिला चेक कोणत्या तारखेला येतो, हेही विचारावे. ऑगस्टच्या मध्यात पोहोचलेल्या विद्यार्थ्याच्या हातात पहिले पैसे सप्टेंबरअखेर पडणार असतील, तर घराची अनामत आणि दीड महिन्याचा खर्च येवल्यातूनच न्यावा लागतो. त्याआधी व्हिसाचे १८५ डॉलर आणि सेव्हिस शुल्काचे ३५० डॉलर गेलेले असतातच.

उत्तर देण्याची घाईही नसते. अमेरिकेतल्या बहुसंख्य विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार, निधीसह आलेल्या ऑफरवर १५ एप्रिलपूर्वी निर्णय देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर घालता येत नाही. हा नियम निधी असलेल्या ऑफरसाठीच आहे. दुसरी चांगली ऑफर आली असेल तर ती दाखवून मानधन वाढवून मागणे हा उद्धटपणा समजला जात नाही. आपल्याकडची मुले इथे संकोचतात.

सध्या मात्र मागणेच नव्हे, जागाच आटत आहेत. बोस्टन विद्यापीठात पदवीधर विद्यार्थी-कामगारांनी २०२४ मध्ये सात महिने संप केला. करारात पीएचडी विद्यार्थ्यांचे किमान मानधन ४५,००० डॉलरवर गेले आणि त्यानंतर विद्यापीठाने इंग्रजी, इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र यांसह अनेक विषयांत २०२५-२६ साठी नवे पीएचडी प्रवेशच थांबवले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये शिकागो विद्यापीठाने कला व मानव्यविद्येच्या अनेक विभागांत पुढच्या वर्षीचे प्रवेश थांबवण्याचा किंवा कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. अशा वेळी प्रत्येक अर्जाचे ७५ ते १२५ डॉलर शुल्क भरण्यापूर्वी विभाग यंदा प्रवेश देतो आहे का, हे आधी पाहावे. शुल्कमाफी मागितली तर अनेक ठिकाणी मिळते.

ब्रिटनची ‘५,००० पौंडांची स्कॉलरशिप’ किती कामाची?

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. एक वर्षाच्या एमएसाठी पत्र येते, वर ठळक अक्षरांत ‘अभिनंदन’ आणि शिष्यवृत्तीचा आकडा. समजा फी २४,००० पौंड आणि शिष्यवृत्ती ५,००० पौंड. उरले १९,०००. व्हिसासाठी लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंडप्रमाणे नऊ महिन्यांचे १०,५३९ पौंड खात्यात दाखवावे लागतात. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. पौंड १२० रुपये धरला तर हे सगळे ३६ लाखांच्या वर जाते, विमान तिकीट वेगळे. ५,००० पौंडांची शिष्यवृत्ती म्हणजे प्रत्यक्षात फीवरची सूट आहे. ती हातात कधीच येत नाही.

या खर्चासाठी ३० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ४१ हजारांच्या पुढे जातो, शिकतानाचे व्याज सोडून. परत येऊन तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवणाऱ्याला हा हप्ता झेपणारा नाही. तिथेच काम करून फेडू म्हणावे, तर शिक्षणानंतर राहण्याची परवानगी १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी दोन वर्षांवरून १८ महिन्यांवर येत आहे, पीएचडीधारक वगळून. कर्जावर व्याजसवलत देणारी केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही.

ब्रिटनला जायचेच असेल तर चेव्हनिंग, कॉमनवेल्थ, किंवा ऑक्सफर्ड, सोआस आणि रेडिंगमधली फेलिक्स यांसारखी पूर्ण शिष्यवृत्ती हाच कला शाखेचा खरा रस्ता. नाही मिळाली तर वर्षभर थांबणे हा पर्याय लाजिरवाणा मानू नये. जर्मनीत बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. ग्योटिंगेनला आधुनिक भारताच्या अभ्यासाचे केंद्र आहे आणि तिथे ही सवलत लागू होते. दक्षिण आशिया संस्थेसाठी प्रसिद्ध असलेले हायडेलबर्ग मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येते, आणि तिथे युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. दोन्हीकडे व्हिसासाठी साधारण वर्षाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात. ते आपलेच पैसे, दरमहा ९९२ असे परत मिळतात. पण आधी सुमारे १२ लाख उभे करावे लागतात, ही अडचण राहतेच.

देशात राहिलो तर?

येवल्यातल्या बहुतेकांसाठी खरा प्रश्न हाच आहे. सगळे गणित ‘नेट’च्या निकालावर फिरते. जून २०२४ पासून निकाल तीन गटांत लागतो. पहिल्या गटाला जेआरएफ, दुसऱ्याला साहाय्यक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएचडी प्रवेश, तिसऱ्याला केवळ पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटाचे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, आणि प्रवेशात नेटला ७० तर मुलाखतीला ३० टक्के वजन असते. प्रवेश दोघांनाही मिळतो, पैसे फक्त पहिल्याला.

जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ झाल्यावर ४२,०००. मानव्यविद्येला वर्षाचे आकस्मिक अनुदान पहिली दोन वर्षे १०,००० रुपये, पुढे २०,५००. विज्ञानाला याहून थोडे जास्त. वसतिगृह मिळाले नाही तर घरभाडे भत्ता, आणि तो शहरावर ठरतो. पुण्यात ३० टक्के धरला तर ११,१००, हातात ४८,१००. नाशिकमध्ये २० टक्के, एकूण ४४,४००. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजच्या संशोधन केंद्रात १० टक्के, ४०,७००. घरीच राहिले तर भाडे मागण्याचा प्रश्न नाही आणि देण्याचाही नाही. निव्वळ शिल्लक पाहिली तर येवल्यातली जेआरएफ पुण्याला सहज मागे टाकते.

पण इतिहासाचा विद्यार्थी शिल्लक टाकायला संशोधन करत नसतो. पैठणीच्या व्यापारावर काम करायचे तर पेशवे दफ्तर पुण्यात आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात आहे, भांडारकर संस्थाही तिथेच. मोडी वाचता येत नसेल तर ती शिकण्यातच काही महिने जातात. दर आठवड्याला मनमाड-दौंड मार्गाच्या गाडीने ये-जा करणाऱ्याचे वर्षभरात दफ्तरातले दिवस किती भरतील, ते आधी मोजावे. भत्त्यातल्या ७,४०० रुपयांच्या फरकापेक्षा ते दिवस महाग आहेत.

जेआरएफ नसलेल्यांची स्थिती बिकट आहे. केंद्रीय विद्यापीठांत नेटविना दिली जाणारी छात्रवृत्ती महिना ८,००० रुपये. हा आकडा इतकी वर्षे हललेला नाही. २०१५ मध्ये ती बंद होण्याच्या शक्यतेवरून दिल्लीत विद्यार्थ्यांनी यूजीसीच्या कार्यालयाबाहेर दीर्घ आंदोलन केले, ती टिकली, पण वाढली नाही. आयआयटीच्या मानव्यविद्या विभागांत मात्र पीएचडी विद्यार्थ्याला अध्यापन साहाय्यक म्हणून ३७,००० रुपयांपासून मिळते. आयआयटी मुंबईत समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि साहित्याचीही पीएचडी होते, हे तालुक्याच्या कॉलेजांत अजून फारसे पोहोचलेले नाही.

राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासींसाठी टीआरटीआय यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांची रक्कम जेआरएफच्या धर्तीवर असते, पण पैसे नोंदणीच्या तारखेपासून द्यायचे की निवडीच्या, पूर्ण द्यायचे की निम्मे, यावरून विद्यार्थ्यांना पुण्यात आणि आझाद मैदानात उपोषणाला बसावे लागले आहे. ही रक्कम महिन्याच्या भाड्यासाठी गृहीत धरू नये. ती एकरकमी आणि उशिरा येणारी थकबाकी समजून नियोजन करणे सुरक्षित. येवल्यातल्या मुस्लिम विणकर कुटुंबांतल्या मुलांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली. इतर योजनांशी ती दुहेरी होते, असे कारण केंद्राने दिले. एकुलत्या एक मुलीला सावित्रीबाई जोतीराव फुले अधिछात्रवृत्ती मिळू शकते, तिचे दर जेआरएफइतकेच.

एमएच्या टप्प्यावर वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार, तर ओबीसी, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गाला आधार योजनेतून पुण्यात वर्षाला ६०,०००, नाशिकमध्ये ५१,००० रुपये मिळतात. विणकरांतल्या साळी, कोष्टी समाजांची मुले या विशेष मागास प्रवर्गात येतात. महिन्याचे ५,००० होतात. पुण्यात कॉटबेसिसची जागा आणि मेस यातच ते संपतात आणि वर भर घालावी लागते. मुलींना शंभर टक्के शुल्कमाफी देण्याचा २०२४ चा राज्याचा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. मराठीत एमए करणारी मुलगी त्यात बसत नाही.

नाही म्हणायचे तर कसे?

निधी नसलेली पीएचडी ‘प्रवेश तर घेऊन ठेवू’ म्हणून स्वीकारणे हा सर्वांत महागडा निर्णय ठरू शकतो. नोंदणी झाली की सहा वर्षांची कालमर्यादा सुरू होते. महिलांना दोन वर्षे वाढीव मिळतात. पुढच्या नेटला जेआरएफ मिळाली तरी घड्याळ पहिल्या नोंदणीपासूनच चालू असते. त्यापेक्षा विद्यापीठाला एक वर्षाची मुदतवाढ मागावी. देणारी विद्यापीठे आहेत. मिळाली तर ती लेखी घ्यावी, आणि निधीही पुढच्या वर्षी तसाच राहील का, हे त्याच पत्रात विचारून घ्यावे. प्रवेश पुढे ढकलला जातो पण मानधन ढकलले जात नाही, असे प्रकार होतात.

लंडनला परत येण्याची सवलत आंबेडकरांनी १९१७ मध्ये मिळवली होती, म्हणूनच १९२० मध्ये दार उघडे राहिले. कोलंबियाची पीएचडी मात्र आणखी रखडली. त्या काळी प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी मिळत नसे. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये लंडनच्या प्रकाशकाकडून छापून निघाला आणि पदवी १९२७ मध्ये हाती आली, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला उतरल्यानंतर चौदा वर्षांनी.